गोमुख: आईला न्यावं का? (नदीचं मूळ, परमिट आणि गुडघे)

पायवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गंगोत्री-गोमुख करायचं ठरतंय. मी, बायको आणि आई. आईला ६७ पूर्ण झाली. रोज सकाळी टेकडी चढते, बीपीची गोळी चालू आहे, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. तिचं म्हणणं असं की गंगोत्रीचं देऊळ सगळेच बघून येतात, मला गंगा जिथून निघते तिथे हात घालायचाय. बायकोला देवळात फारसा रस नाही, पण गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचं नाव काढलं की ती दुर्बीण पुसायला घेते. म्हणजे एकीला तीर्थ, दुसरीला जंगल, आणि मी हमाल.

बेत असा: पहिल्या दिवशी विमानाने डेहराडून आणि रात्री उत्तरकाशी. दुसऱ्या दिवशी गंगोत्री. तिसऱ्या दिवशी चालत भोजबासा. चौथ्या दिवशी गोमुख बघून थेट गंगोत्री. पाचव्या दिवशी खाली.

आईला हे झेपेल का? परमिट कसं मिळतं? प्राणी खरंच दिसतात का? आणि पाणी आणायला काय न्यावं? आईला प्लास्टिकचा कॅन चालणार नाही.

खवचट

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात.

झालं, माझं मत दिलं. आता चहा घेऊन बसतो.

हिमरेषा

दोनदा गेले आहे, एकदा मेअखेरीस आणि एकदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. सप्टेंबरअखेर उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, आकाश धुतल्यासारखं निळं, आणि भोजपत्राची झाडं पिवळी पडायला लागलेली असतात.

गंगोत्री ते गोमुख एका बाजूने अठरा किलोमीटर. गंगोत्रीपासून दोनेक किलोमीटरवर कनखूचं वनखात्याचं नाकं आहे, तिथे परमिट बघतात. चिरबासा नवव्या किलोमीटरवर, भोजबासा चौदाव्या, पुढे चार किलोमीटर गोमुख. वाट चांगली मळलेली आहे, चढ अंगावर येत नाही. चालण्याच्या दृष्टीने आपल्या सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांपेक्षा सोपी. अवघड काय आहे ते कुणीतरी डॉक्टर सांगतीलच.

परमिट उत्तरकाशीच्या वन कार्यालयातून किंवा गंगोत्रीत मिळतं. दिवसाला १५० माणसांनाच सोडतात. आम्ही गेलो तेव्हा माणशी १५० रुपये घेतले होते. ओळखपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स ठेवा. चारधाम यात्रेची नोंदणी वेगळी, ती घरूनच करून निघा. आमच्या पिशव्या नाक्यावर उघडून प्लास्टिकच्या वस्तू एकेक करून मोजल्या, बिस्किटांचे पुडेसुद्धा, आणि अनामत घेतली. येताना तेवढी वेष्टनं दाखवली तेव्हाच पैसे परत. एक चॉकलेटचं वेष्टन सापडेना म्हणून नवरा सगळी सॅक उलटी करून बसला होता.

चिरबासा ते भोजबासा मध्ये गिला पहाड नावाचा टप्पा आहे. वरून दगड येतात. ऊन चढलं आणि वारा सुटला की जास्त. तो टप्पा सकाळीच मारा, तिथे फोटोला थांबू नका.

फणसाची_आठळी

वाखूसा (वाचनखूण साठवली).

डॉक्टरकाकू

हिमरेषा यांनी चेंडू माझ्याकडे टोलवलाच आहे, तर घेते.

पायवाट, तुमच्या बेतात आईचा गुडघा ही अडचणच नाही. अडचण आहे दुसरी रात्र आणि तिसरी रात्र. उत्तरकाशी साधारण ११५० मीटरवर. तिथून तुम्ही एका दिवसात गाडीने ३१०० मीटरवर जाऊन झोपणार आणि लगेच दुसऱ्या रात्री ३८०० मीटरवर. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधा नियम आहे. तुम्ही ७०० वाढवताय, तेही अंगाला सवय व्हायच्या आत. भोजबासाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो. टेकडी रोज चढण्याने दमसास वाढतो, पण विरळ हवेची सवय टेकडीने होत नाही. उलट तंदुरुस्त माणसं भरभर चढतात आणि तीच आधी आडवी होतात.

म्हणून एक रात्र हर्षीलला काढा, ते २६०० च्या आसपास आहे. मग गंगोत्रीला दोन रात्री. मधल्या दिवशी कनखूपर्यंत चालून परत या, तीच परीक्षा. डोकेदुखी, मळमळ, जेवण नको वाटणं, झोप न लागणं यातलं काही असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं.

डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच सांगते. सल्फाची ॲलर्जी असेल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर डायमॉक्सही तेच काम करतं. आईच्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवून विचारा. आम्हाला इथे धाग्यावर विचारू नका.

टपरीवरचा_चहा

काकूंना +१००.

आमच्या ग्रुपमधला एक मॅरेथॉनवाला. आम्हाला सगळ्यांना मागे टाकून साडेतीन तासांत भोजबासा गाठलं आणि आमची वाट बघत उन्हात टोपी न घालता बसला. संध्याकाळी खिचडीचा वास आला आणि ओकला. रात्री अकराला म्हणतो, "माझी सॅक कोणीतरी हलवतंय." सॅक त्याच्या उशाखाली होती. दोन पोर्टर त्याला दोन्ही बाजूंनी धरून टॉर्चच्या उजेडात चिरबासापर्यंत घेऊन आले. खाली आल्यावर तासाभरात बरा झाला आणि परत वर जाऊ म्हणायला लागला. मग मात्र आम्ही त्याला ओरडलो.

आजही तो सांगताना "मला फूड पॉयझनिंग झालं होतं" असंच सांगतो.

बेफिकीर_बगळा

मला एक कळत नाही. लोक शेकडो वर्षं जिथे अनवाणी जात आले, तिथे आता परमिट, १५० ची मर्यादा, पिशव्यांची झडती. देवाच्या दारात तिकीट? माझे आजोबा वळकटी घेऊन गेले होते, त्यांना कुणी विचारलं नाही. आई ६७ वर्षांची, त्या दिवशी १५१ वी निघाली तर काय करायचं?

हिमरेषा

@बेफिकीर_बगळा, तुमच्या आजोबांबरोबर त्या दिवशी किती माणसं होती? आणि त्यांच्या वळकटीत पाण्याच्या किती बाटल्या होत्या?

भोजबासा हे नावच भोजवृक्षांवरून पडलंय. आज तिथे पोचल्यावर झाडं शोधावी लागतात. वर्षानुवर्षं यात्रेकरूंच्या चुलीत आणि तंबूंत गेली ती. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिथे भोजपत्राची रोपं लावायला घेतली. ३८०० मीटरवर झाड वाढवणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. पुढे २०२१ मध्ये त्या भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १५० ची मर्यादा आली ती रोपं लावायला घेतल्यानंतर.

चष्मिष

दोघांचंही थोडं थोडं पटतंय. पण बगळेसाहेब, दाराशी तिकीट नाहीच. गंगोत्रीच्या देवळात कोणीही जावं. परमिट आहे ते देवळाच्या मागच्या जंगलासाठी. १९८९ मध्ये उद्यान झालं, जवळपास २४०० चौरस किलोमीटर, आणि गोमुख त्याच्या आत येतं.

अवांतर: तसं बघायला गेलं तर गोमुखातून गंगा निघतच नाही. निघते ती भागीरथी. देवप्रयागला अलकनंदा येऊन मिळाली की मग तिला गंगा म्हणतात. आणि लांबीचा हिशेब लावला तर मूळ प्रवाहाचा मान अलकनंदेकडे जातो.

खवचट

म्हटलं होतं ना, मूळ शोधू नये!

आज्जीची_गोधडी

चष्मिष, हे आमच्या सासूबाईंसमोर बोलून दाखवा आणि मग इथे येऊन सांगा.

पायवाट, पाण्यासाठी फिरकीच्या झाकणाचा तांब्याचा किंवा स्टीलचा छोटा कॅन घ्या. डेहराडूनला विमानात चढताना तो चेक-इनच्या सामानात टाका. झाकणाला आतून रबर आहे ना ते बघा. आमचं अर्धं पाणी माझ्या स्वेटरने प्यायलं होतं.

फणसाची_आठळी

नाथांनी काशीची कावड रामेश्वराला नेताना वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. तुमच्या स्वेटरलाही पुण्य लागलं असेल.

हिमरेषा

प्राण्यांबद्दल राहिलंच. भरल नक्की दिसतात, भोजबासाच्या आसपास तर कळपच्या कळप. राखी अंग, पोटाशी काळा पट्टा, आणि उभ्या कड्यावर अशा चालतात की बघणाऱ्याच्या पोटात गोळा. त्यांना निळी मेंढी म्हणतात, पण निळं काही शोधू नका. थार, म्हणजे डोंगरातला रानबकरा, तोही दिसू शकतो. आकाशात दाढीवाला गिधाड, पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे. हिमबिबट्या आहे, पण तो तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला नाही. वहिनींना सांगा, भोजबासाला सकाळी ऊन यायच्या आधी दुर्बीण घेऊन बाहेर बसायचं. हातमोजे घालून.

टपरीवरचा_चहा

कुणी केदारताल (वरचं तळं) केलंय का? गंगोत्रीतूनच वाट फुटते. थलयसागर शिखर समोर उभं असतं.

हिमरेषा

केलंय. ४७०० मीटरच्या वर आहे, गोमुखाशी तुलनाच नको. भोजखडकची चढण सुरू होते ती संपतच नाही. या धाग्यातल्या आईंना तिकडे नेऊ नका, तुम्ही वेगळा धागा काढा.

कडबोळी

एक जरा अप्रिय प्रश्न. वाटेवरच्या धराली गावातल्या पुरानंतर रस्ता कसा आहे? ५ ऑगस्ट २०२५ ला खीरगंगा ओढ्यातून जे आलं ते सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलंय. काही क्षणांत बाजार गाडला गेला. आम्ही त्याच्या आदल्या वर्षी तिथे राजमा-भात खाल्ला होता. खानावळीतली बाई वाढताना म्हणाली होती, "पहाड का राजमा है, जल्दी मत करो." ते दुकान व्हिडिओत शोधायचा प्रयत्न केला. नाही ओळखता आलं.

डॉक्टरकाकू

मीही तो व्हिडिओ दोनदा पाहू शकले नाही.

पायवाट, पावसाळ्यानंतर लगेच जाताय, तर हातात दोन दिवस मोकळे ठेवा. परतीचं विमान शेवटच्या दिवसाला चिकटवू नका. उत्तरकाशीला पोचलात की पुढच्या रस्त्याची चौकशी करून मगच निघा, आणि पाऊस लागला तर ओढ्याकाठच्या हॉटेलात मुक्काम नको.

बेफिकीर_बगळा

धरालीचा विषय निघाला म्हणून सांगतो. समोरच्या काठावर मुखबा आहे. दिवाळी पाडव्याला गंगोत्रीच्या देवळाची दारं मिटली की गंगेची मूर्ती पालखीतून तिथे उतरते, ती अक्षय्य तृतीयेला परत वर जाते. देवीसुद्धा थंडीत वर राहत नाही. मग माणसांनी तिथे नदीच्या पात्रात हॉटेलं बांधावीत का? या बाबतीत मी हिमरेषाताईंच्या बाजूने.

खवचट

धागा वाचवा! बगळा आणि हिमरेषा यांचं एकमत झालंय.

चष्मिष

गोमुखाचं मुख आता गाईसारखं दिसतं का? माझ्या मामांच्या जुन्या फोटोत मोठी कमान आहे.

हिमरेषा

नाही हो. बर्फाचा काळपट, मातकट कडा आणि त्याच्या बुडातून उसळणारं करडं पाणी. दर वर्षी रूप वेगळं. २०१६ च्या जुलैमध्ये हिमनदीच्या या मुखाचा मोठा भाग कोसळला होता. १९३५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑडन यांनी मुखाची जागा नकाशावर नोंदवली. तेव्हापासून ते मागे मागेच सरकतंय, वर्षाला सरासरी वीसेक मीटरच्या हिशेबाने. म्हणजे तुमच्या मामांनी जिथे फोटो काढला तिथे आता नुसते दगड असतील. अगदी जवळ जाऊ देत नाहीत आणि जाऊही नका. मुखातून सतत खडे आणि बर्फ पडत असतो. पाणी थोडं खालच्या अंगाला भरा.

पायवाट

सगळ्यांचे आभार. बेत बदलला. हर्षील एक रात्र, गंगोत्री दोन रात्री, हातात दोन जादा दिवस. आईच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आईला चष्मिष यांचं अलकनंदेचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, मग आधी बद्रीनाथला न्या आणि नंतर इकडे."

आल्यावर लिहितो.

टपरीवरचा_चहा

सगळे असंच म्हणतात आणि गायब होतात. गंगेत घोडं न्हालं की कळवा.

पायवाट

धागा वर काढतोय. मंगळवारी परत आलो.

आई गोमुखला गेली नाही.

हर्षीलला मस्त होती, सफरचंदं घासाघीस करून घेतली. गंगोत्रीत पहिल्या रात्री डोकं दुखलं, पण आम्हाला सांगितलं नाही. सकाळी पोहे नको म्हणाली तेव्हा बायकोला शंका आली. काकूंची यादी बायकोच्या फोनमध्ये होती, तिने एकेक प्रश्न पोलिसासारखा विचारला. तो दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशी डोकं थांबलं, म्हणून कनखूपर्यंत हळूहळू गेलो. नाक्याच्या अलीकडे एका दगडावर आई बसली आणि म्हणाली, "मी इथून परत फिरते. तुम्ही जा." मी म्हटलं सगळेच परत फिरू. तर म्हणाली, "मग माझं पाणी कोण आणणार?"

आमच्या हॉटेलात नांदेडकडचा एक यात्रेकरूंचा गट होता. त्यातल्या दोन मावशींशी आईची घाटावर आधीच गट्टी जमलेली. त्यांच्यासोबत ती दोन दिवस राहिली. रोज घाटावरच्या साखळीला धरून तीन बुड्या. मी पाय घातला तर मिनिटभरात घोट्याखाली पाय आहे की नाही कळेना. या बायका बुडी मारून वर आल्यावर भाजीच्या भावावर बोलत होत्या!

आम्ही दोघं भोजबासाला गेलो. गिला पहाडावर एक दगड आमच्या पुढे पन्नासेक पावलांवर वाट ओलांडून खाली गेला. आवाज आधी आला आणि दगड नंतर दिसला. पोर्टर थांबला, वर बघितलं, हात केला, आणि आम्ही पळालो. रात्री लालबाबांच्या आश्रमात खिचडी, बाहेर पाणी गोठलेलं. बायकोला सकाळी सतरा भरल दिसल्या, तिने तीनदा मोजल्या. हिमबिबट्याने आम्हाला बघितलं असावं.

गोमुखाबद्दल हिमरेषा यांनी लिहिलंय तसंच. भागीरथी शिखरांवर ऊन आलं तेव्हा मुखाशी अजून सावली होती. सगळीकडे पाण्याचा आवाज आणि मधूनच आत कुठेतरी काहीतरी तुटल्याचा. स्टीलचा कॅन भरताना हात बधिर झाला आणि झाकण नदीत पडता पडता वाचलं. रबर तपासलं होतं, आज्जींचे आभार.

आता गंमत. घरी आल्यावर आईने ते पाणी देवघरातल्या तांब्याच्या लोट्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी बघते तर वर स्वच्छ पाणी आणि तळाला बोटाच्या पेराएवढा करडा गाळ, मैद्यासारखा मऊ. मला वाटलं तिला वाईट वाटेल. तिने तो चिमटीत घेऊन चोळून बघितला. गंगोत्रीहून तिने स्वतः घाटावर भरलेली एक बाटली होती, तिच्याही तळाला तसाच गाळ. दोन्ही शेजारी ठेवून म्हणाली, "पाणी तेच की रे. तू आणलंस ते फक्त अठरा किलोमीटर आधीचं."

डॉक्टरकाकू

परत फिरल्याबद्दल आईंना माझा नमस्कार सांगा. आणि डोकेदुखी लपवल्याबद्दल रागावले आहे हेही सांगा.

चष्मिष

तो गाळ म्हणजे हिमनदीने दगडावर दगड घासून केलेलं पीठ. पाणी करडं दिसतं ते त्यामुळेच. टाकू नका.

पायवाट

टाकतोय कुठला. तुळशीत गेला.

आज्जीची_गोधडी

आणि बद्रीनाथ कधी?

पायवाट

नांदेडच्या मावशींनी मे महिन्याची तारीख कळवली आहे. मला कुणी विचारलेलं नाही.

खवचट

हमालाला कोण विचारतं.